ओसाड विहारांतील भुते : भद्रावतीच्या दंतकथांचा एक विचार

चंद्रपूरच्या वायव्येस, नागपूर-बल्लारपूर लोहमार्गावर भांदक नावाचे स्थानक लागते. या स्थानकाजवळचे गाव म्हणजेच भद्रावती. गावाच्या नैऋत्येस सुमारे दीड मैलावर विजासनची टेकडी आहे. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारी एक लांब वाट कोरलेली असून तिची लांबी ७१ फूट भरते. या वाटेच्या अखेरीस गाभारा आहे आणि गाभाऱ्यात भगवान बुद्धांची आसनस्थ भव्य मूर्ती आहे. मुख्य वाटेला काटकोनात आणखी दोन वाटा फुटतात. त्यांच्या टोकाशीही स्वतंत्र गाभारे आणि बुद्धमूर्ती आहेत. वाचकांपैकी अनेकांनी तेथे जाऊन त्रिशरण-पंचशील ग्रहण केले असेल.

परंतु एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. भिक्खुसंघ येथून नाहीसा झाल्यानंतर, आणि आपले पाय पुन्हा या टेकडीला लागण्यापूर्वी, मध्ये कित्येक शतके गेली. मूर्ती त्या काळातही तेथेच होत्या. गुराखी त्या पाहात होते, सरपण गोळा करणाऱ्या स्त्रिया त्या पाहात होत्या. पण हे बुद्धांचे स्थान आहे असे सांगणारे कोणी उरले नव्हते. मग त्या काळात लोक या जागांविषयी काय सांगत होते? दंतकथा, राक्षस, पांडव आणि भुते यांनी आपल्या विहारांचा ताबा कसा घेतला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा विषय केवळ करमणुकीचा नाही. भुताची गोष्ट कोणाला कोठून दूर ठेवते, हे पाहिले की तिचे खरे काम ध्यानात येते.

जोबनासाचा वाडा

विजासनच्या जवळच, भद्रावतीच्या दक्षिणेस, गवराळा येथे खडकात कोरलेल्या लहानमोठ्या गुहा आणि मंदिरांचे अवशेष आहेत. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरकारांनी यांतील मुख्य गुहेचे लोकांच्या तोंडी असलेले नाव नोंदविले आहे. ते नाव ‘जोबनासाचा वाडा’ असे आहे. हा जोबनास म्हणजे जैमिनीय अश्वमेधातील राजा यौवनाश्व होय. त्या कथेत भद्रावती ही यौवनाश्वाची नगरी आहे. धर्मराजाच्या अश्वमेधासाठी लागणारा श्यामकर्ण घोडा त्याच्या पागेत होता आणि तो आणण्यासाठी भीम तेथे गेला, असे कथा सांगते. गावाचे नाव भद्रावती, म्हणून कथेतील नगरी हीच, असा मेळ लोकांनी घातला. मग खडकातील गुहा राजाचा वाडा झाली आणि परिसरातील दगडांवर भीमाची व घोड्याची पावले दिसू लागली.

गावाच्या पूर्वेकडील मोठ्या तलावात एक बेट असून तेथपर्यंत जाणारा जुना दगडी पूल आहे. खांबांच्या दोन ओळी, त्यांवर टाकलेल्या लांबलचक शिळा, १३६ फूट लांबी आणि ७ फूट रुंदी असे त्याचे बांधकाम नोंदले गेले आहे. असे काम माणसाच्या हातून झाले, हे पुढील पिढ्यांना खरे वाटत नसे. महाराष्ट्रभर जुन्या दगडी बांधकामांविषयी एकच उत्तर ठरलेले असते. ते पांडवांनी एका रात्रीत उभारले, किंवा हेमाडपंताने राक्षसांकडून करवून घेतले. छिन्नी हातोडी घेऊन वर्षानुवर्षे घाम गाळणारा पाथरवट, त्याला धान्य पुरविणारा शेतकरी आणि दान देणारा उपासक या कथांतून संपूर्णपणे गायब झालेले असतात. श्रम करणाऱ्याचे श्रेय राक्षसाला देणे, ही या दंतकथांची पहिली खूण होय.

दुसरी खूण भयाची आहे. जुन्या लेण्यांविषयी आपल्याकडे सर्वत्र काही ठरावीक गोष्टी ऐकू येतात. आत भुयार आहे आणि ते दूरच्या किल्ल्यात निघते. आत धन पुरलेले असून त्यावर नाग बसला आहे. अमावास्येला आत दिवा दिसतो. तिन्हीसांजेनंतर आत गेलेला परत येत नाही. विजासनच्या रचनेकडे पाहिले म्हणजे अशा गोष्टींना जागा कशी मिळते ते कळते. वाट सत्तर फुटांहून अधिक आत जाते. बाजूच्या वाटा काटकोनात वळत असल्यामुळे तेथे दाराचा उजेड पोहोचत नाही. डोळे अंधाराला सरावले की समोर एक भव्य, निश्चल आकृती बसलेली दिसते. ती कोणाची हे ज्याला ठाऊक आहे त्याचे हात आपोआप जुळतात. ज्याला ठाऊक नाही तो मागल्या पावली पळतो. मूर्ती तीच, अंधारही तोच. फरक केवळ ज्ञानाचा आहे.

अक्षर हरवले आणि भय उरले

हे ज्ञान का हरवले, याचे एक कारण लिपी हे आहे. आपल्या लेण्यांतून दात्यांची नावे, गावे आणि व्यवसाय स्पष्ट कोरून ठेवलेले आहेत. परंतु ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाहीत. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये अशोककालीन ब्राह्मी उलगडली, तोवर कित्येक पिढ्या त्या अक्षरांसमोर निरक्षर म्हणून उभ्या राहिल्या.

जुन्नरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे मानमोडी नावाचा डोंगर असून त्यातील एका बौद्ध लेणीसमूहाला लोक ‘भूत लेणी’ म्हणतात. मानमोडी म्हणजे मान मोडणारा, असा अर्थ कोणीही सहज लावील, आणि त्याच्या जोडीला भुते असली म्हणजे गोष्ट पूर्ण होते. परंतु जुन्नरच्या प्राचीन शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘मानमुकुड’ असे आले आहे. मानमोडी हा त्याचाच अपभ्रंश होय. मान मोडण्याशी त्याचा काही संबंध नाही. ज्या दर्शनी भागाला आपण भुताचे म्हणतो तो चंद नावाच्या एका यवन उपासकाने दान दिल्याचा लेख तेथेच कोरलेला आहे. परदेशातून आलेला एक माणूस धम्माला शरण जातो, स्वतःच्या कमाईतून दान देतो, दगडावर नाव कोरतो, आणि हजार-दीड हजार वर्षांनी त्याच्या दानाला लोक भुताचे घर म्हणतात! इतिहास विसरला जाणे म्हणजे काय, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कसे सांगावे?

नाशिकच्या लेण्यांचेही असेच झाले. सातवाहन आणि क्षहरात राजकुळांतील दाने, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख, त्रिरश्मी हे डोंगराचे नाव, हे सारे भिंतींवर लिहिलेले असताना लोकांच्या तोंडी नाव राहिले ते ‘पांडवलेणी’. भद्रावतीचा ‘जोबनासाचा वाडा’ हा याच मोठ्या प्रक्रियेचा एक स्थानिक नमुना आहे.

वेशीबाहेरची वस्ती

भुतांच्या गोष्टींचा नकाशा काढून पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. भूत कधी पाटलाच्या ओसरीवर राहात नाही. ते मसणवट्यात राहते, पडक्या वेशीपाशी राहते, ओढ्याकाठी राहते, ओसाड देवळात आणि लेण्यात राहते. ही सारी ठिकाणे गावकुसाबाहेरची आहेत. आणि गावकुसाबाहेर आणखी कोण राहात होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. मृत्यूची बातमी घेऊन परगावी जाणे, मेलेली जनावरे ओढणे, रात्री वेस राखणे ही कामे ज्यांच्या माथी मारली गेली होती, त्यांना गावाने राहावयास जी दिशा दिली, तीच दिशा भुतांनाही दिली. विटाळाचे आणि भुताचे भय एकाच मुशीतून निघालेले आहे. दोन्ही भये माणसाला एका रेषेपलीकडे जाऊ देत नाहीत.

पिंपळाचेच पाहा. सिद्धार्थ गौतमांना उरुवेला येथे ज्या वृक्षाखाली सम्यक संबोधी प्राप्त झाली तो वृक्ष पिंपळाचा. जगभरचे बौद्ध त्याला बोधिवृक्ष म्हणून वंदन करतात. महाराष्ट्रातील खेड्यात मात्र त्याच झाडावर मुंजा राहतो, असे मुलांना सांगितले जाते. मुंजीनंतर सोडमुंज होण्यापूर्वीच मेलेल्या बटूचे हे भूत मानले जाते. म्हणजे ज्या झाडाखाली भयाचा अंत झाला, त्याच झाडाखाली सायंकाळी पोराला उभे राहण्याची भीती वाटावी!

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोणी एखाद्याने बसून कट रचला आणि पिंपळावर मुंजा बसविला, असे म्हणण्यास पुरावा नाही. वृक्षदेवतेची श्रद्धा बुद्धपूर्व आहे. आपल्याच निदानकथेत सुजाता खीर घेऊन आली ती वृक्षदेवतेला देण्यासाठी आली होती, आणि झाडाखाली बसलेल्या बोधिसत्त्वांना पाहून तिला देवताच प्रकट झाल्यासारखे वाटले. जुन्या समजुती होत्याच. धम्माने त्यांना एक दिशा दिली होती. संघ नाहीसा होताच ती दिशा गेली आणि समजुती मागे उरल्या.

तथागतांचे उत्तर

बौद्ध साहित्यात भयाण जागांचे वर्णन कमी नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात जानुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाशी बोलताना तथागत स्वतःचा अनुभव सांगतात. संबोधीपूर्वी ते चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमी या, लोकांना भीतिदायक वाटणाऱ्या रात्री मुद्दाम निवडून उपवनातील, अरण्यातील आणि वृक्षाखालील चैत्यस्थानी जाऊन राहिले. रात्री एखादे हरिण जवळून जाई, मोराच्या पायाने वाळकी काटकी पडे, वाऱ्याने पानांचा ढीग सळसळे, आणि हेच ते भय येत आहे की काय, असा विचार मनात उठे. तेव्हा त्यांनी काय केले? ते पळाले नाहीत, कोणाला नवसही बोलले नाहीत. चालत असताना भय आले तर चालतच, उभे असताना आले तर उभ्यानेच, बसलेले असताना आले तर बसूनच, भय ओसरेपर्यंत त्यांनी आसन बदलले नाही. दिवसाला दिवस आणि रात्रीला रात्र म्हणून पाहावे, हा त्या सुत्ताचा बोध आहे. सळसळणारे पान हे पान असते, हे कळणे म्हणजेच प्रज्ञेचा आरंभ.

भयाच्या जागी करुणा ठेवण्याचेही उदाहरण आहे. हारिती ही मुले पळवून खाणारी यक्षिणी. भगवंतांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले आणि स्वतःच्या दुःखावरून तिला दुसऱ्या मातांचे दुःख समजाविले, अशी कथा आहे. पुढे ती बालकांची रक्षक मानली गेली. सातव्या शतकातील चिनी प्रवासी इत्सिंग याने भारतातील विहारांत तिची प्रतिमा असल्याचे आणि तिला अन्न ठेवले जात असल्याचे लिहिले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारिती आणि पांचिक यांचे स्वतंत्र दालन आजही पाहावयास मिळते. लोकांच्या मनातील चेटकिणीला झाडाला खिळण्याऐवजी तिला माता होण्याची संधी देणे, ही धम्माची रीत होती.

आपल्याही दंतकथा

आता थोडे आपल्याकडे वळू. जुन्या दंतकथा खोडून काढताना आपण नव्या दंतकथा तर रचीत नाही ना, हे तपासणे आपले कर्तव्य आहे.

ह्यूएन त्संग ६३९ च्या सुमारास कोसल देशात आला. तेथील राजा बौद्ध होता, सुमारे १०० संघाराम आणि दहा हजारांच्या आतबाहेर महायानी भिक्खू होते, असे तो लिहितो. कनिंगहॅम यांच्या काळापासून या कोसलाची राजधानी चांदा-भांदक भागात शोधण्याचा प्रयत्न झाला आणि ती भद्रावतीच होती, असे आपल्या अनेक भाषणांतून ठामपणे सांगितले जाते. परंतु अलीकडचे अभ्यासक हा देश दक्षिण कोसल, म्हणजे आजचा छत्तीसगडचा भाग मानतात आणि तेथील सिरपूरच्या उत्खननात मोठे विहार उघडकीस आले आहेत.

त्याच प्रवासवर्णनात आपल्या विषयाशी निगडित अशी एक विलक्षण हकीकत आहे. नागार्जुनासाठी राजाने डोंगरात कोरविलेल्या पाच मजली विहाराविषयी ह्यूएन त्संग सांगतो की, पुढे तेथील भिक्खूंत भांडणे लागली. ती संधी साधून ब्राह्मणांनी विहाराची मोडतोड केली आणि भिक्खूंना आत येता येऊ नये म्हणून जागा बंदिस्त केली. आत जाण्याची वाट कोणाला ठाऊक राहिली नाही. रोग्यासाठी वैद्य आणावा लागला तर त्याचे तोंड झाकून आत नेत आणि तसेच बाहेर आणीत. ही हकीकत अक्षरशः घडली असेल वा नसेल. पण विहार ‘गूढ जागा’ कसा बनतो, याचे हे सातव्या शतकातील चित्र आहे. आधी संघात फूट, मग बाहेरच्यांचा ताबा, मग वाटेची विस्मृती आणि शेवटी झाकलेले डोळे. यातील पहिली पायरी आपल्या स्वतःच्या घरातील आहे, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न सूर्यघोषाचा. नागपूरच्या संग्रहालयातील भवदेव रणकेसरी याच्या शिलालेखात सूर्यघोष नावाच्या राजाची कथा आहे. त्याचा पुत्र राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या शोकातून राजाने बुद्धांचे मंदिर बांधले आणि पुढे भवदेवाने त्याचा जीर्णोद्धार केला. हा लेख भांदकचा मानला जात असे व त्यामुळे विजासनच्या लेण्यांशी सूर्यघोषाचे नाव जोडले गेले. परंतु महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा शिलालेख मूळचा छत्तीसगडातील आरंगचा असल्याचे प्रतिपादन केले आणि ते मत सामान्यतः स्वीकारले गेले आहे. म्हणून सूर्यघोषाला विजासनचा निर्माता म्हणणे आपण सोडून दिले पाहिजे. नाही तर यौवनाश्वाच्या जागी सूर्यघोष बसविण्यापलीकडे आपण काय केले?

मात्र त्या लेखाचा अर्थ आपल्याला सोडावा लागत नाही. वाड्याच्या गच्चीवरून पडून मेलेला कोवळा राजपुत्र ही भुताच्या गोष्टीची पुरेपूर सामग्री आहे. दुसऱ्या एखाद्या गावात त्या वाड्यावर रात्री रडणे ऐकू आले असते. या राजाने शोकाचे भूत होऊ दिले नाही, त्याचा विहार केला. अकाली मृत्यूला माणसे दोन प्रकारे उत्तर देऊ शकतात, हे तो शिलालेख सांगतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही दंतकथा कशी वाचावी याचा धडा दिला आहे. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या भाषणात त्यांनी नाग म्हणजे सरपटणारे जनावर नव्हे, तर बौद्ध धम्माचा प्रसार करणारे लोक, असे सांगितले. भद्रावतीत भद्रनागाचे जुने मंदिर आहे. धनावर बसलेल्या नागाची गोष्ट ऐकताना हा विचार मनात यावा. तेथे सिद्धांत लगेच झाला असे नव्हे. पण दंतकथेच्या मागे माणसे शोधावीत आणि मग पुराव्याने ती पारखून घ्यावीत, ही पद्धत आपल्याला मिळाली.

भयाची किंमत

हा सारा विचार पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील माणसांना खांबांना बांधून मारहाण करण्यात आली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याला त्या वेळी आठ वर्षे होत आली होती. भुताची गोष्ट शेकोटीपाशी निरुपद्रवी वाटते. पण गावात आजार पसरला, जनावरे मेली, म्हणजे तीच गोष्ट कोणाचे तरी नाव शोधू लागते. ते नाव बहुधा दुबळ्याचे, म्हाताऱ्या विधवेचे, गावकुसाबाहेरच्याचे निघते.

आपल्या घरांतूनही हे भय पूर्ण गेलेले नाही. दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील माणूस ताप उतरत नाही म्हणून मांत्रिकाकडे जातो. परित्राणाचा धागा मनगटावर येतो तो पुष्कळदा ताईत म्हणूनच. यासाठी कोणाला हिणवण्याचे कारण नाही. भय शतकांचे आहे, ते एका दिवसाच्या विधीने जात नाही.

म्हणून उपासक-उपासिकांना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, भद्रावती परिसरातील वृद्ध माणसांकडून या जागांच्या जुन्या गोष्टी, त्यांना हसण्यापूर्वी, लिहून घ्याव्यात. कोणती गोष्ट कोणत्या दगडाविषयी सांगितली जाते, हे कळले तर गाडल्या गेलेल्या अवशेषांचाही माग लागू शकेल. जोबनासाच्या नावाने का होईना, त्या गुहेची आठवण लोकांनीच टिकविली, हे त्यांचे ऋण आहे.

दुसरी विनंती लहान आहे. पौर्णिमेला विजासनला जाल तेव्हा मुलांना दारातूनच परत आणू नका. ती ७१ फुटांची वाट त्यांच्यासोबत चाला, बाजूच्या अंधाऱ्या वाटांतही जा, थोडा वेळ तेथे शांत बसा आणि भयभेरव सुत्तातील तो प्रसंग त्यांना सांगा. वटवाघळाचे पंख फडफडले आणि मूल बिलगले, तर ते वटवाघूळ आहे एवढेच सांगा. अंधारात बसलेले भगवंत कोण आहेत, हे ज्या मुलाला ठाऊक झाले, त्याला त्या टेकडीवर भूत कधीही भेटणार नाही.

भवतु सब्ब मंगलं.